उंबऱ्यापासून तेराशे बारा

“बाबा, या चौकटीवरच्या रेघा कुठे गेल्या?”

बाबांनी घासायचं मशीन बंद केलं, कानांवरची लाल झाकणं काढून गळ्यात अडकवली आणि मास्क खाली ओढला. भुवयांवर लाकडाचा भुसा बसला होता. त्यांच्यामागे केबिनच्या दाराची ओकची चौकट कोरी करकरीत उभी होती. मी काम बघून खूश झाले आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण ते हसत होते.

“चार हात व्हार्निश होतं,” ते म्हणाले. “आत लाकूड बघ कसलं निघालं.”

लाकूड खरंच सुंदर निघालं होतं. पण मला त्याचं कौतुक सुचेना. त्या चौकटीच्या डाव्या खांबावर व्हार्निशखाली पेन्सिलच्या पंधरा रेघा होत्या. प्रत्येक रेघेशेजारी एक नाव आणि एक तारीख. लिंडनरबाईंनी आपल्या दोन मुलांची उंची दर वाढदिवसाला तिथे मोजली होती. बोट आम्हाला विकताना त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. पैसे कमी करून दिले, नांगर फुकट दिला, आणि म्हणाल्या, बाकी बोटीचं काय करायचं ते करा, तो खांब मात्र तसाच ठेवा. आणि पाण्यात सोडाल तेव्हा मला एकदा बोलवा, मी बघून जाईन. मी “या, या, गेनाऊ”, म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, करत मान हलवली होती. जर्मनीत दहा वर्षं काढल्यावर ही मान आपोआप हलते.

आमची बोट म्हणजे कालव्यातून माल वाहणारी जुनी स्टीलची बोट. वीस मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, माझ्या आजोबांपेक्षा वयाने मोठी. लिंडनरबाईंचा नवरा हिच्यातून कालव्याच्या काठांच्या डागडुजीसाठी दगड आणि वाळू पोचवायचा. मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत सगळं घर राहायचं. डार्मश्टाटमध्ये मनासारखं घर मिळत नाही म्हणून लोक लांबच्या गावात राहायला जातात. संघर्षच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या डोक्यात आलं की आपण पाण्यावर जाऊ. तो एश्बॉर्नला एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरला ठिगळं लावतो, त्याला हाताने काहीतरी करायचं होतं. मी औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते, मलाही तेच हवं होतं. दोघांनाही काही येत मात्र नव्हतं. ऱ्हाइनच्या जुन्या फाट्यावरच्या एका यार्डात बोट जमिनीवर ओढून ठेवली, आणि पहिल्याच महिन्यात कळलं की आपण एक गंजकं संकट विकत घेतलं आहे.

कुर्डुवाडीहून व्हिडिओवर आईने बोट पाहिली आणि म्हणाली, “यांना बोलव तिकडं. रिटायर झाल्यापासनं गल्लीतल्या सगळ्या गेटांना रंग देऊन झालाय. आता माझ्या पिठाच्या डब्यांकडं बघायला लागलेत.”

बाबा तेहेतीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये रंगारी होते. मालगाडीचा डबा दुरुस्तीला आला की त्याचा सगळा गंज आणि रंग उतरवायचा, पत्रा उघडा करायचा, अस्तर द्यायचं, वर रंगाचे हात द्यायचे, आणि शेवटी त्याच्यावर नंबर, वजन, तारखा, सगळं पुन्हा जसंच्या तसं लिहायचं. हे शेवटचं काम बाबांचं. त्याला ते मार्किंग म्हणतात. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण अक्षर असं की साहेबलोक आपल्या दारावरच्या पाट्या त्यांच्याकडून करून घ्यायचे. कधी बाहेरच्या पाट्या यायच्या, कन्नड, तेलुगू. वाचता येत नसे. “वाचायचं कशाला? चित्र काढायचं,” म्हणायचे.

मी त्यांचं वर्कशॉप कधी पाहिलं नाही. त्यांनी नेलंच नाही. जेवणाचा डबा द्यायला गेले तरी गेटवरूनच परत पाठवायचे. तू अभ्यास कर, या वासात यायचं नाही, एवढंच. मी अभ्यास केला आणि इतकी लांब आले की त्यांना नव्वद दिवसांचा व्हिसा काढून भेटायला यावं लागलं.

जूनमध्ये आले. दुसऱ्याच दिवशी यार्डात गेले, बोटीभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि पत्र्यावर तळहात ठेवून उभे राहिले. “कामाची हाय अजून,” म्हणाले. झालं. तेव्हापासून आम्ही त्यांचे हाताखालचे कामगार झालो. तळाचे पातळ झालेले पत्रे यार्डच्या वेल्डरने कापून नवे बसवले, तिथे बाबांना हात लावायची परवानगी नव्हती. पण गंज आणि रंग त्यांचा. आम्ही दोघं ऑफिसात असताना ते सकाळी बसने एकटे यार्डात जायचे, चपातीचा डबा घेऊन. यार्डचा वेल्डर आणि ते जेवायला शेजारी बसायचे. एकमेकांचं एक अक्षर कळत नसताना दोघांचं उत्तम जमायचं. ती लाल झाकणं त्यानेच बाबांच्या कानांवर चढवली होती.

आणि त्या ऑगस्टच्या शनिवारी मी चौकटीपुढे उभी होते.

“ती चौकट तशीच ठेवायची होती,” मी म्हणाले.

“बोलली न्हाईस.”

खरं होतं. मी बोलले नव्हते. बाबांना मी कामं सांगत होते, बाकीच्या गोष्टी सांगायचं मला सुचलंच नव्हतं. लिंडनरबाई कोण, त्यांची मुलं कोण, हे त्यांना काही माहीत नव्हतं. पण चूक आपली आहे हे कळलं की माणसाचा आवाज जास्तच चढतो, माझा तरी चढतो.

“विचारायचं तरी ना, बाबा. हे काही तुमचं वर्कशॉप नाही, आलं ते घासून कोरं करायला. इथे वस्तूंना इतिहास असतो.”

संघर्ष शिडीवर होता, तो तिथेच थांबला. बाबांनी मशीनची वायर गुंडाळायला घेतली.

“मार्किंग शेवटाला असतं, बाई,” ते हळू म्हणाले.

“पुरे झालं ते मार्किंग,” मी म्हणाले आणि खाली उतरले.

संध्याकाळी गाडीत बाबा खिडकीशी बसले आणि डार्मश्टाट येईपर्यंत बाहेर बघत राहिले. रात्री जेवताना मात्र आमटी छान झाली आहे म्हणाले, नेहमीसारखं.

पुढचे तीन आठवडे मी दिवस मोजत होते. बारा सप्टेंबरला, शुक्रवारी, बोट पाण्यात जाणार होती. रविवारी बाबांचं विमान होतं. यार्डची जागा सोमवारी दुसऱ्याला दिलेली, त्यामुळे तारीख हलणार नव्हती. आणि शुक्रवारी लिंडनरबाई बॉनहून येणार होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, मुलीला गाडी चालवायला लावून दीडशे किलोमीटर येणार, ते बोट बघायला नाही, तो खांब बघायला. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

संघर्ष म्हणाला, फोन करून सांगून टाक. मी म्हणाले, करते. मग ऑफिसात काम निघायचं, मग उशीर व्हायचा, मग त्यांची झोपायची वेळ झाली असेल असं वाटायचं. रोज यार्डात गेलं की ती चौकट दिसायची. बाबांनी तिला तेल पाजलं, बारीक कागदाने घासून व्हार्निशचा एक हात दिला. माझ्याशी ते नीट बोलत होते. मीच त्यांच्याकडे न बघता ब्रश धुवत होते. जर्मनमध्ये मी दिवसातून दहादा माफी मागते, ट्राममध्ये कुणाच्या पायाला पाय लागला तरी. मराठीत, बाबांकडे, तो शब्द कुठून सुरू करायचा ते मला येत नव्हतं.

गुरुवारी दुपारी शेवटी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून फोन लावला. लिंडनरबाईंनी स्वतःच उचलला. मी सगळं सांगितलं. सांगितलं की माझ्या वडिलांना काही माहीत नव्हतं, मी त्यांना सांगायला विसरले, चूक माझी आहे.

मग त्या म्हणाल्या, “माझ्या येन्सच्या सहाच रेघा होत्या. शेवटची नवव्या वाढदिवसाची. दहाव्या वाढदिवसाला मोजायला तो नव्हता.”

मी नाक ओढलं, ते त्यांना ऐकू गेलं असावं.

“आजारी होता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही रडू नका. मी उद्या येते. बोट तर आहे ना?”

घरी येऊन मी संघर्षला सांगितलं. बाबा समोरच बसले होते, लिंबू चिरत होते. त्यांनी पहिल्यांदाच सगळी गोष्ट ऐकली. कोणाच्या रेघा, किती रेघा, त्या सहाच का. त्यांनी सुरी खाली ठेवली.

“त्या माउलीला तू फोनवर काय सांगितलंस?”

“रेघा गेल्या म्हणून सांगितलं.”

“बरं केलंस,” ते म्हणाले. “खरं सांगितलेलं बरं.” आणि मग संघर्षकडे वळून म्हणाले, “संघर्षराव, उद्या मला पहिल्या बसनं जायला पाहिजे. मार्किंग ऱ्हायलंय.”

“मामा, मी गाडीने सोडतो,” संघर्ष म्हणाला. मला वाटलं बोटीच्या नाकावर नाव लिहायचं असेल.

शुक्रवारी सकाळी नऊला मी यार्डात पोचले तेव्हा बोट क्रेनच्या पट्ट्यांवर बांधून तयार होती. खाली हिरवा, वर काळा, मध्ये पांढरी रेघ. सूर्य तिच्यावर पडला होता. गेल्या वर्षीचं ते गंजकं धूड हेच, यावर विश्वास बसत नव्हता. मी शिडी चढून केबिनच्या दाराशी आले आणि थबकले.

बाबा दारात गुडघ्यांवर बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात पेन्सिल, लोखंडी उंबऱ्यावर उभी धरलेली मोजपट्टी. शेजारी रबरबँड लावलेली त्यांची जाड डायरी उघडी. ती रेल्वेची कुठल्याशा जुन्या सालातली डायरी मी लहानपणापासून त्यांच्या खिशात बघत आले आहे. डाव्या खांबावर तेरा रेघा काढून झाल्या होत्या. ते चौदावी काढत होते.

मी डायरीत पाहिलं. प्रत्येक रेघेचं माप होतं, मिलिमीटरमध्ये. उंबऱ्यापासून किती, खांबाच्या कडेपासून किती, रेघ किती लांब, कुठे तिरकी झाली. शेजारी नावं आणि तारखा. बाबांना जर्मन वाचता येत नाही, ती जुन्या वळणाची लिपी तर मलाही धड येत नाही. त्यांनी प्रत्येक अक्षर चित्रासारखं काढून घेतलं होतं. येन्समधल्या पहिल्या अक्षराचं, J चं, शेपूट दर वर्षी थोडं वेगळं होतं, ते वेगळेपणही घेतलं होतं. एका तारखेवर पेन्सिल घसरली होती, ती घसरलेली रेघसुद्धा.

“तुम्ही हे कधी उतरवलं?” मी विचारलं.

“घासायच्या आधी. आणि कधी?” त्यांनी मान वर केली नाही. “लिहिलेलं काही उतरवून घेतल्याबिगर रंग काढत न्हाईत. डब्याचा नंबर हरवला तर डबाच हरवला की.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. मार्किंग शेवटाला असतं म्हणलं.”

तीन आठवडे या माणसाने गृहीत धरलं होतं की मला ते कळलं आहे. आपली मुलगी रागावली आहे ती न विचारता काम केलं म्हणून, एवढंच त्यांना वाटलं होतं. रेघा परत येणार नाहीत असं कुणाला वाटू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्कशॉपमधल्या कुठल्याही माणसाच्या आलं नसतं.

“जमिनीपासून का नाही मोजलं?” मी विचारलं.

“जमिनीच्या फळ्या आपण बदलणार होतो. उंबरा बोटीला वेल्ड केलाय, तो कुठं जातो?” त्यांनी पंधरावी रेघ काढली, वरची भुकटी फुंकली आणि डायरीतल्या मापाला बारीक टिक केली.

लिंडनरबाई अकराच्या सुमारास आल्या. काठी घेऊन, गळ्याला निळा रुमाल. त्यांची मुलगी आंके साठीची, तिच्या हातात शँपेनसारखी एक बाटली होती. ती बोटीच्या नाकावर फोडायची असते. बाबांनी बाटलीकडे पाहिलं, मग रंगाकडे पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की नाकावरचा रंग अजून पुरता कडक झालेला नाही, पाहुण्यांना सांग की ही प्यायला घेऊ. मी तसं सांगितलं. लिंडनरबाई हसल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या नवऱ्यानेही हेच सांगितलं असतं.

त्यांना शिडीवरून वर न्यायला संघर्ष आणि वेल्डर दोघं लागले. केबिनच्या दाराशी मी त्यांना पुन्हा एकदा सांगितलं की या रेघा जुन्या नाहीत, माझ्या वडिलांनी मापावरून परत काढल्या आहेत. त्यांनी मान हलवली. चष्मा बदलला. खांबाच्या खूप जवळ गेल्या.

खालपासून वर एकेक रेघ वाचत गेल्या. आंके, आंके, येन्स. बोट रेघेला टेकवत नव्हत्या, थोडं दूर धरत होत्या. “हे माझं अक्षर आहे,” आंकेला म्हणाल्या. “बघ, इथे माझा हात हलला होता. तू मागून ढकललं होतंस.”

येन्सच्या सहाव्या रेघेपाशी त्या थांबल्या. काठी आंकेकडे दिली. खांबाला पाठ लावून, जमेल तेवढं सरळ उभ्या राहिल्या. तळहात आडवा धरून त्यांनी रेघेपासून तो आपल्या खांद्याकडे आणला. हात खांद्याच्या वर आला. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं.

“तेव्हा तो इथे यायचा,” खांद्याच्या खाली हात लावून त्या म्हणाल्या. मग वर लावला. “आता इथे येतो. वाढलाय.”

आंकेने तोंड फिरवलं. लिंडनरबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या हसत होत्या. पन्नास वर्षं त्या आखडत गेल्या होत्या, आणि मुलगा मात्र होता तिथे उभा होता.

बाबा दाराबाहेर हात मागे बांधून उभे होते. “काय म्हणल्या आक्का?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. “म्हणतात, तो वाढलाय.”

बाबांचा चेहरा एकदम उतरला. “न्हाई, न्हाई,” ते म्हणाले. झटकन पुढे आले, खाली बसले, मोजपट्टी उंबऱ्यावर टेकवली, डायरी उघडली, चष्मा खाली ओढला. “तेराशे बारा. हे बघ. तेराशे बाराच हाय. आक्कांना सांग, एका मिलिमीटरचा फरक न्हाई.”

मी ते भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. पण लिंडनरबाईंना कळलं होतं. त्या वाकल्या, बाबांच्या मोजपट्टी धरलेल्या हातावर आपला हात ठेवला आणि “डांके”, धन्यवाद, म्हणाल्या. बाबांना एवढा जर्मन शब्द येत होता. त्यांनी उभं राहून दोन्ही हात जोडले. “जय भीम, आक्का,” म्हणाले.

बोट दुपारी बाराला पाण्यात गेली. तळाच्या सगळ्या पत्र्यांशी बॅटरी घेऊन बाबा तासभर आत बसले, आणि कुठेही थेंब आला नाही हे बघूनच जेवले.

शनिवारी त्यांची बॅग भरताना मी ते माफीचं शेवटी काढलंच. मी म्हणाले, “बाबा, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. चूक माझीच होती.”

ते मोज्यांच्या जोड्या लावत होते. “आता तू रागावणार न्हाईस तर कोण रागावणार,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “तुझ्यामुळं मला परत तीन महिने काम मिळालं, बाई. वास आला ना त्या अस्तराचा पहिल्या दिवशी, वाटलं रेल्वेनं परत बोलावलं. रेल्वेनं लई दिलं मला. क्वार्टर दिलं, तुला शिकवलं. आता हे पण झालं.”

मला म्हणायचं होतं की हे सगळं रेल्वेने नाही, तुम्ही दिलं. ते मी म्हणाले. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बॅगेची चेन लावली.

रविवारी विमान गेलं. संध्याकाळी मी आणि संघर्ष बोटीवर आलो. केबिनच्या फळीवर रबरबँड लावलेली डायरी होती. मला वाटलं विसरले. पोचल्याचा फोन आला तेव्हा विचारलं, तर म्हणाले, “राहू दे तिथंच. पुढच्या रंगाच्या वेळेला लागंल.”

मी रबरबँड काढला. डायरी खूपच जुनी होती, माझ्या जन्माच्या आदल्या सालातली. बोटीची पानं शेवटी होती. त्याआधी डब्यांचे नंबर, पाट्यांचे मजकूर, तेलुगू अक्षरं. मी मागे मागे पानं उलटत गेले. आणि मधेच एका पानावर माझं नाव आलं.

आमच्या रेल्वेच्या क्वार्टरला दर दोन-तीन वर्षांनी खात्याचे लोक रंग द्यायचे. भिंती, दारं, सगळं. आमच्या घरात कुठे पेन्सिलची एक रेघ राहिली नाही, एवढं मला आठवत होतं. रेघा होत्या, हे मी विसरले होते.

“प्रिया. ८६१. मोरीजवळची चौकट, उंबऱ्यापासून. रंगाआधी.” त्याखाली तारीख. पुढच्या पानावर “प्रिया. १०४७. रंगाआधी.” मग क्वार्टर बदललं होतं, नव्या क्वार्टरचा नंबर, आणि “जुन्या मापाप्रमाणे परत काढले.” अशी सात मापं होती. शेवटचं मी पुण्याला हॉस्टेलवर गेले त्या वर्षीचं. १५७४. त्यापुढे काही लिहिलं नव्हतं, पण पान कोरं सोडलं होतं.

बाहेर पाणी बोटीच्या पत्र्याला हलकं लागत होतं. चौकटीचा उजवा खांब कोरा होता. बाबांनी त्यालाही तेल पाजून, बारीक घासून, व्हार्निशचा फक्त एकच हात देऊन ठेवला होता.

मी संघर्षला मोजपट्टी आणि पेन्सिल आणायला सांगितली आणि ८६१चं पान उघडून उंबऱ्याशी बसले.